थंडीपेक्षा वितळणं जास्त नडतं: उत्तरेकडच्या जुन्या रेल्वे लाईनी कशा टाकल्या

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय की अलास्का, युकॉन, हडसन बे असल्या भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, जेसीबी नाही, रस्ता नाही, गाव नाही, तिथे रेल्वे टाकली तरी कशी? उन्हाळ्याच्या चार महिन्यांतच काम उरकायचे का, गोठलेली जमीन खणायचे कशी, आणि नदीच्या बर्फावरून रूळ टाकायचे का? मी आधी आपल्याकडे पी-वे मध्ये, म्हणजे रेल्वेच्या रूळ-मार्ग सांभाळणाऱ्या खात्यात होतो, मग कॅनडात आलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं उत्तरेकडच्या लाईनींच्या भरावात आणि ट्रॅकमध्ये गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे उन्हाळ्यात काम आणि हिवाळ्यात सुट्टी हे गणित डोक्यातून काढून टाक. खडक फोडणं, कटिंग (लाईनसाठी जमीन खोल कापणं), डोंगराच्या कडेने बेंच, म्हणजे रुळापुरती सपाट पायरी काढणं ही कामं उन्हाळ्यात बरी, दिवस वीस-वीस तासांचा असतो, दोन-दोन शिफ्ट निघतात. पण सामान वाहणं, दलदल ओलांडणं, नदीत पूल उभा करणं ही कामं हिवाळ्यातली, आणि ती मुद्दाम हिवाळ्यासाठी राखून ठेवायचे. कारण उन्हाळ्यात हा सगळा प्रदेश म्हणजे मस्केग. शेवाळ, कुजलेलं गवत, खाली पाणी, घोडा पोटापर्यंत रुततो, गाडी तर विसराच, वर डास असे की जनावरं बिथरतात. तीच जमीन डिसेंबरात गोठली की फुकटात पक्का रस्ता. नदी गोठली की तोच हायवे.

उदाहरण सांगतो. अलास्कात कॉपर रिव्हर अँड नॉर्थवेस्टर्न नावाची लाईन होती, कॉर्डोव्हा बंदरापासून केनिकॉटच्या तांब्याच्या खाणीपर्यंत, १९६ मैल, १९०७ ते १९११ मध्ये बांधली, पैसा गुगेनहाइम आणि मॉर्गन या अमेरिकेतल्या धनाढ्यांचा. नदीच्या वरच्या भागात सामान पोचवायला बोट पाहिजे, पण खालून धबाधब वाहणाऱ्या नदीतून बोट वर नेता येत नाही. मग काय केलं, अख्ख्या वाफेच्या बोटीचे सुटे भाग केले आणि हिवाळ्यात घोड्यांच्या स्लेजवर घालून व्हाल्डीझकडून मार्शल पासच्या बर्फातून पलीकडे नेले आणि १९०७ च्या उन्हाळ्यात तिथे जोडून नदीत सोडली. हेच उन्हाळ्यात करायला गेले असते तर पहिल्याच मैलात बॉयलर चिखलात गेला असता.

याच लाईनवरचा पूल नीट समजून घे, त्यात सगळं उत्तर आहे. मैल ४९ ला लाईन कॉपर नदी ओलांडते. वरच्या अंगाला माइल्स ग्लेशियर (हिमनदी), खालच्या अंगाला चाइल्ड्स ग्लेशियर, आणि पूल मधे. दुसरी जागाच नाही, कारण एका काठाने एक ग्लेशियर आडवा येतो, दुसऱ्या काठाने दुसरा. उन्हाळ्यात माइल्स ग्लेशियरचे तुकडे तुटून नदीतून खाली येतात, घराएवढे, आणि थेट पुलाच्या खांबांवर धडकतात. म्हणून काँक्रीटच्या खांबांना जुन्या रुळांचं चिलखत घातलं आणि खांबांच्या वरच्या अंगाला बर्फ फोडायला वेगळे ठोकळे उभे केले. एकूण लांबी १५५० फूट, चार गाळे (दोन आधारांमधले पुलाचे भाग), ४००, ३००, ४५० आणि ४०० फुटांचे. खर्च साधारण १४ लाख डॉलर, म्हणून नाव पडलं मिलियन डॉलर ब्रिज. कंत्राटदार मायकेल हेनी, चीफ इंजिनियर इरॅस्टस हॉकिन्स, हीच जोडी आधी व्हाइट पासच्या रेल्वेला होती, त्यावर पुढे येतो.

आता एवढे मोठे पोलादी गाळे जोडायला खालून आधार लागतो, ज्याला आपण सेंटरिंग किंवा फॉल्सवर्क म्हणतो. उन्हाळ्यात नदीत फॉल्सवर्क उभं करणं शक्यच नाही, हिमनग एका दिवसात साफ करतील. मग १९१०च्या हिवाळ्यात सात फूट जाड बर्फाला भोकं पाडून लाकडी पाइल, म्हणजे लांब ओंडक्यांचे खुंट, नदीच्या तळात ठोकले, वर आधार बांधला आणि त्यावर पोलाद जोडायला घेतलं. म्हणजे नदी गोठलेली आहे तोवरच काम. एप्रिल संपत आला तसं वरून पाणी वाढायला लागलं, बर्फाची अख्खी लादी वर उचलली जायला लागली, आणि पाइल बर्फात घट्ट धरलेले असल्यामुळे लादीबरोबर तेही उपटून यायची वेळ आली. मग जेवढी इंजिनं होती तेवढ्यांची वाफ बारीक पाइपांतून आणून पाइलभोवतीचा बर्फ वितळवत बसले, बाकीची माणसं कुऱ्हाडी घेऊन बर्फ तोडत होती, दिवस-रात्र, कारण पाणी परत गोठायचं. एवढं करून ४५० फुटी गाळ्याखालचं फॉल्सवर्क खालच्या दिशेला १५ इंच सरकलं. पंधरा इंच म्हणजे गाळा खांबावर बसणारच नाही. ते नांगर आणि पुली लावून परत ओढून जागेवर आणलं, वर पोलादवाले काम करतच होते. १६ मेला गाळा खांबांवर बसला आणि त्यानंतर तासाभरात बर्फ सुटला आणि खालचं सगळं फॉल्सवर्क काड्यांसारखं मोडून वाहून गेलं.

लोक ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात, मला त्यात प्लॅनिंग दिसतं. बर्फ हाच त्यांचा प्लॅटफॉर्म होता, आणि तो कधी जाणार हे कोणाच्याच हातात नव्हतं. थंडी जितकी कडक तितकं त्यांचं भलं, वैरी होता तो वसंत ऋतू.

याच लाईनवर चिटिना गावाजवळचा नदीवरचा पूल मात्र त्यांनी लाकडीच ठेवला. वसंतात बर्फ सुटला की तो बहुतेक दरवर्षी वाहून जायचा आणि हे परत बांधायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तिथे दुसरा पोलादी पूल घालायचा खर्च बघितला तर दरवर्षी लाकडं ठोकणं परवडत होतं, खाणीतलं तांबं संपेपर्यंतच लाईन चालवायची होती. १९३८ मध्ये बंदही केली. आपल्याला कॉलेजात शंभर वर्षं टिकणारं बांधायला शिकवतात, पण किती वर्षांसाठी बांधायचंय हा प्रश्न कुणी विचारत नाही. लाकूडकामाचा वेगही बघ, गिलाहिनाचा लाकडी ट्रेसल (लाकडी चौकटींवर उभा पूल), ८८० फुटांच्या आसपास लांब आणि ९० फूट उंच, जानेवारी १९११ मध्ये आठ दिवसांत उभा केला. जानेवारीत, अलास्कात. आणि अॅलन ग्लेशियरवरून तर साधारण साडेपाच मैल रूळ सरळ बर्फावरच होते, वर दगड-मातीचा थर आणि खाली ग्लेशियर, उन्हाळ्यात गँगने, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या टोळीने, सरकलेले रूळ सरळ करत बसायचं.

आता गोठलेल्या जमिनीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पर्माफ्रॉस्ट म्हणजे जी जमीन वर्षानुवर्षं शून्याच्या खाली आहे. वरचा थोडा थर उन्हाळ्यात वितळतो, परत गोठतो, खालची कायम गोठलेली. ही खालची जमीन गोठलेली आहे तोवर जवळपास काँक्रीट, काय वाटेल तो भार घेते. पण तिच्यात बर्फाचे थर असतात, कधी बोटभर, कधी पुरुषभर, आणि बारीक गाळाची माती असेल तर वितळल्यावर तिचं पातळ पिठलं होतं. मग तिला गोठलेलं ठेवतं कोण? तर वरचं शेवाळ. तो फूटभर शेवाळाचा थर म्हणजे फुकटचं इन्सुलेशन आहे. आता आपल्याकडचा इंजिनियर काय करतो, भराव टाकायच्या आधी वरची सगळी झाडी-गवत-काळी माती खरवडून काढतो, पुस्तकात तसंच लिहिलंय आणि आपल्याकडे ते बरोबरही आहे. इथे तेच केलं की दोन उन्हाळ्यांत खालचा बर्फ वितळतो, भराव खचतो, कडेला पाणी साठतं, साठलेलं पाणी आणखी ऊन शोषतं आणि आणखी वितळवतं. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबवणं महाकठीण. जुने लोक हे ठेच खाऊन शिकले, शेवाळ तसंच ठेवा, झाडं तोडा पण मुळं उपटू नका, त्यावरच ओंडके आडवे अंथरा, वर ग्रॅव्हलचा भराव. आणि कटिंग शक्यतो टाळा, कारण कटिंग म्हणजे आपणहून बर्फ उघडा करणं.

जमीन पाण्याबरोबर कशी वागते याचा एक भारी किस्सा व्हाइट पासच्या लाईनवरचा आहे. युकॉनमध्ये लुइस लेकच्या काठाने लाईन न्यायची होती, तर त्यांनी ठरवलं की एक चर खणून तळ्याची पातळी १४ फूट खाली आणू, म्हणजे काठाने सपाट जागा मिळेल. चर खणला गाळाच्या मातीत. पाणी सुटलं, चर स्वतःच खोल होत गेला आणि तळं १४ च्या जागी ७० फुटांच्या आसपास खाली गेलं. मग खचलेल्या काठांवरून परत वाट काढत बसा. असली माती बघितली की मला आजही आधी पाणी कुठे जाणार हे विचारायची सवय आहे.

हडसन बे रेल्वे हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. मॅनिटोबातल्या द पा पासून चर्चिल बंदरापर्यंत ५१० मैल, त्यातला शेवटचा उत्तरेकडचा भाग पूर्ण मस्केग आणि पर्माफ्रॉस्ट. त्यांनी काय केलं, १९२८-२९ च्या हिवाळ्यात भराव-बिराव न करता स्लीपर आणि रूळ सरळ गोठलेल्या जमिनीवर अंथरत नेले, २९ मार्च १९२९ ला चर्चिल गाठलं, आणि उन्हाळा आला तसा त्याच रुळांवरून ग्रॅव्हलच्या गाड्या नेऊन खडी ओतत रूळ उचलत गेले. म्हणजे आधी ट्रॅक, मग भराव. पुस्तकाच्या बरोब्बर उलटं. कारण उन्हाळ्यात त्या दलदलीत ग्रॅव्हल न्यायला दुसरं वाहनच नव्हतं, रेल्वे बांधायला रेल्वेच पाहिजे होती. त्या लाईनवर तारेचे खांब बघितले तर तीन-तीन वासे तिकाटण्यासारखे उभे केलेले, जमिनीत पुरलेले नाहीत. पुरलेला खांब गोठण्या-वितळण्यात दरवर्षी थोडा थोडा वर येतो आणि शेवटी आडवा होतो, तिकाटणं नुसतं जमिनीवर बसलेलं असतं, हललं तर परत सरळ करा. लाईन अजून कुरकुरते, २०१७ च्या पुरात इतक्या ठिकाणी वाहून गेली की चर्चिलला रेल्वे परत जायला २०१८ ची अखेर उजाडली.

हे वर येणं, म्हणजे फ्रॉस्ट हीव्ह, ट्रॅकवाल्याचं रोजचं दुखणं. लोकांना वाटतं पाणी गोठून ९ टक्के फुगतं तेवढंच. तसं नाही, गाळाची माती खालून पाणी वर ओढत राहते आणि गोठण्याच्या रेषेवर बर्फाचे थर वाढत जातात, त्यामुळे ट्रॅक काही इंच सहज उचलला जातो, आणि एकसारखा नाही, इथे चार इंच, पन्नास फुटांवर काहीच नाही. हिवाळ्यात खडी दगडासारखी गोठलेली, पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासणं, करणार कसं? मग रूळ आणि स्लीपरच्या मधे लाकडी शिम, म्हणजे पाचरी घालून लेव्हल सांभाळायची, मागे-पुढे उतार देत. वसंतात जमीन बसायला लागली की त्याच पाचरी उलट्या क्रमाने काढायच्या. गँगमनकडे वेगवेगळ्या जाडीच्या पाचरींची पेटीच असते. हे काम शंभर वर्षांपूर्वी जसं होतं तसंच मी बघितलंय, फक्त हातमोजे चांगले आले. लाकडी ट्रेसलचं पण तेच, पाइल गोठलेल्या जमिनीत ठोकायला आधी वाफेचा पाइप घालून भोक वितळवायचे (सोन्याच्या खाणीवाल्यांची युक्ती), पाइल बसवायचे, आणि काही वर्षांनी तेच पाइल जमीन वर ढकलते, पुलाला कुबड येतं, मग पाइलची डोकी कापा.

मोऱ्यांचं, म्हणजे भरावाखालून पाणी जायच्या वाटांचं, विसरलो असतो. हिवाळ्यात झऱ्याचं पाणी थेंब थेंब येत राहतं आणि मोरीत थरावर थर गोठतं, मार्चपर्यंत मोरी ठार बंद. मग वसंतात पूर आला की पाणी भरावावरून जातं. उपाय म्हणजे मोरीत आधीच वाफेचा पाइप टाकून ठेवायचा, किंवा आग पेटवून बसायचं. दुसरा काही जादूचा उपाय तेव्हा नव्हता.

मग थंडीने खरा त्रास कुठे दिला? खडकात. व्हाइट पास अँड युकॉन, स्कॅगवे ते व्हाइटहॉर्स ११० मैल, मे १८९८ ला सुरू, जुलै १९०० ला कारक्रॉसला शेवटचा खिळा. युकॉनमधल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी धावणाऱ्यांची लाईन, पैसा लंडनच्या क्लोज ब्रदर्सचा. समुद्रसपाटीपासून २० मैलांत २८६५ फूट चढ, सगळ्यात तीव्र ग्रेड (चढ) ३.९ टक्के, म्हणजे १ इन २६ (२६ फुटांत एक फूट) च्या जवळपास. आपला भोर घाट १ इन ३७ आहे, त्यावरून अंदाज घे. ३ फुटी नॅरो गेज (रुळांमधलं अरुंद अंतर) घेतलं कारण डोंगरात बेंच कमी रुंद लागतो आणि वळणं जास्त आवळता येतात. कड्यावर माणसं दोरांनी लटकून ड्रिल मारायची, एकूण ४५० टन स्फोटकं वापरली. ऑगस्ट १८९८ मध्ये सुमारे १०० टनांचा दगड दोन कामगारांवर पडला, तो हलवलाच नाही, तिथेच काळा क्रॉस लावला, आजही गाडीतून दिसतो. एकूण ३५ कामगार अपघातात गेले असा आकडा दिला जातो, आणि तेव्हाच्या मानाने तो कमी आहे.

आणि डायनामाइट. हे आजच्या पोरांना माहीतच नसतं. नायट्रोग्लिसरिन साधारण १३ डिग्रीलाच गोठतं, म्हणजे आपल्या नाशिकच्या थंडीत सुद्धा. गोठलेली कांडी नीट उडत नाही, अर्धवट उडते, आणि राहिलेली भोकात तशीच बसते, पुढचा माणूस त्यावर ड्रिल मारतो. म्हणून वापरायच्या आधी कांड्या वितळवायला लागायच्या, गरम पाण्याच्या दुहेरी डब्यात किंवा वेगळ्या गरम खोलीत. घाईत कोणी शेगडीशेजारी ठेवायचं आणि खोलीसकट जायचं. थंड देशातल्या स्फोटांच्या अपघातांत हे वितळवणं फार मोठं कारण होतं. थंडीने माणूस मेला असं कागदोपत्री क्वचित दिसतं, थंडीमुळे केलेल्या अशा कामात मेला असं शोधलं तर सापडतं.

रुळाचं विचारशील म्हणून, ३३ फुटी रूळ, उणे ४५ ते अधिक ३५, म्हणजे ८० डिग्रीचा फरक, लांबीत साधारण ९ मिलिमीटर. विदर्भात मे महिन्यात रूळ ६० च्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे ७-८ ला येतो, तोही ५०-५५ चा फरक आहेच, त्यामुळे गॅपचं गणित तुला ओळखीचंच वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे बकलिंगची (उष्णतेने रूळ वाकडा होण्याची) भीती, तिकडे थंडीत पोलाद ठिसूळ होऊन रूळ तुटायची. पहाटेच्या कडक थंडीत गाडीच्या आधी माणूस चालत रूळ बघायचा.

माणसांची अडचण वेगळीच. व्हाइट पासवर मजूर कोण, तर सोन्यासाठी आलेले आणि पैसे संपलेले लोक, त्यात सगळ्या धंद्यांतले. ऑगस्ट १८९८ मध्ये अॅटलिनला सोनं सापडल्याची बातमी आली आणि बहुतेक सगळे रातोरात पळाले, जाताना कंपनीची पहार-फावडी घेऊन. हिवाळ्यात खिंडीत वारा असा की आधी बर्फ उपसायचा, मग खडक दिसायचा, मग भोक. तरी २० फेब्रुवारी १८९९ ला रूळ खिंडीच्या माथ्यावर पोचले. एक दरी ओलांडायला पूल तयार नव्हता तर स्विचबॅक काढून गाड्या मागे-पुढे करत नेल्या, आपल्या खंडाळ्याला जुन्या काळी रिव्हर्सिंग स्टेशन होतं तसंच, पोलादी पूल १९०१ ला आला.

नदीच्या बर्फावरून रूळ टाकायचं पण विचारलं होतंस. हो, अलास्का रेलरोडने नेनानाला टॅनाना नदीवरचा पूल व्हायच्या आधी हिवाळ्यात बर्फावर तात्पुरते रूळ टाकून गाड्या नेल्या. रशियाने जपानबरोबरच्या १९०४ च्या युद्धात बैकाल सरोवरावर टाकले होते, एक इंजिन नेऊन बघितलं तर बर्फ फुटून बुडालं, मग इंजिनं सुटी करून आणि डबे घोड्यांनी ओढून नेले. कारण बर्फ वाकतो, गाडीपुढे पाण्यात लाट तयार होते, ठरावीक वेगाला ती लाट आणि गाडी बरोबरीने चालायला लागली की बर्फ फुटतो. म्हणून हळू चालायचं, अंतर ठेवायचं, बर्फावर थांबायचं नाही.

आज तशी लाईन टाकायची झाली तर तत्त्व तेच, साधनं बदलली. चीनची चिंगहाय-तिबेट रेल्वे बघ, गोलमुड ते ल्हासा ११४२ किलोमीटर, २००६ ला सुरू झाली, त्यातले साधारण ५५० किलोमीटर पर्माफ्रॉस्टवर. तिथे भरावात मोठे दगड असे रचलेत की हिवाळ्याची थंड हवा आत शिरते आणि उन्हाळ्याची गरम हवा शिरत नाही, आणि कडेला अमोनिया भरलेले पाइप उभे केलेत जे हिवाळ्यात जमिनीतली उष्णता ओढून बाहेर टाकतात. सगळ्यात वाईट पट्ट्यांत तर भरावच नाही, सरळ पूल. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर पाइपांपेक्षा तो दगडांचा भराव घे, त्याचा मॉडेल लॅबमध्ये फ्रीजर आणि पंखा लावून करता येतो, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मात्र भरावाच्या दोन्ही उतारांना लाव, दक्षिणेकडचा उतार उत्तरेकडच्यापेक्षा जास्त वितळतो आणि भराव बहुतेक वेळा तिकडूनच फाटतो.